तिसऱ्या दिवसाचा सलाम

प्रिय धाकट्या,

वर सलाम लिहिलेला नाही, हे तुझ्या लगेच लक्षात येईल. अब्बांच्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ तीच असायची, मग ते शेजारच्या गल्लीत पाठवलेलं चिठोरं का असेना. मी मुद्दाम लिहिला नाही. लिहिला असता तर उत्तर देणं तुला भाग पडलं असतं, आणि तू ते उभ्या उभ्या, कागदाकडे बघत पुटपुटून मोकळा झाला असतास. मग पुढचं वाचलंस काय आणि न वाचलंस काय. तेव्हा सलाम शेवटी. तिथपर्यंत पोचलास तर.

आज सोमवार. काल तुझा फोन येऊन गेला. पुढचा बुधवारी येईल, त्याच्या पुढचा शनिवारी. बुधवारपर्यंत हे पत्र तुझ्या हातात पडणार नाही. शनिवारच्या आधी मात्र पडायला हवं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यात हाताला लागले त्या कागदांवर लिहितो आहे. मागच्या बाजूला कुणाकुणाच्या डोळ्यांचे नंबर आहेत. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. तू देणारच म्हणा. वजनमापांच्या निरीक्षकाला आकडा दिसला की तो तपासल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या शेजारच्या मशीनवर एक जण आहे. एका जागी उभं राहून त्याला काम करता येत नाही, म्हणून सगळे त्याला भिंगरी म्हणतात. सुरुवातीला त्याला वाटायचं, माझं कुठेतरी बाहेर जमलेलं आहे. बरोबर तिसऱ्या दिवशी, पावणेतीनला, मी हातातलं भिंग पाण्यात ठेवतो, मशीन बंद करतो, हात पुसतो, फोन कानाला लावतो, एक वाक्य बोलतो आणि फोन खिशात टाकतो. एवढ्यात कसली बाई पटते, म्हणाला. मग मी त्याला सांगितलं. भाऊ आहे, धाकटा. आमचा अबोला आहे. तो म्हणाला, अबोला आहे तर बोलता कसे? मी म्हणालो, आमच्यात भावाशी तीन दिवसांहून जास्त अबोला धरता येत नाही. धरला तर तो गुन्हा. म्हणून तो तिसऱ्या दिवशी सलाम करतो, मी उत्तर देतो, दोघंही गुन्ह्यातून सुटतो आणि अबोला पुढे चालू. भिंगरीनं स्वतःची मशीन बंद केली, जी तो जेवायच्या सुट्टीतही बंद करत नाही. म्हणाला, दादा, हे पुस्तकात आहे की तुम्ही दोघांनी बसून शोधून काढलंत? तेव्हापासून तुझा फोन वाजला की तो ओरडतो, थोरल्या, घे, तुझा तिसऱ्या दिवसाचा ताप आला.

अकरा वर्षं. तेराशेहून जास्त वेळा. तू एकदाही चुकला नाहीस, ही गोष्ट मी लोकांना थोड्या अभिमानानंच सांगतो. तुझं अपेंडिक्स काढलं त्या दिवशी तुझ्या बायकोनं फोन केला होता. ठीक पावणेतीनला. म्हणाली, यांनी सलाम सांगितलाय. मी उत्तर दिलं. मग ती म्हणाली, भाईसाहेब, हे गुंगीत आहेत, नर्सचं नाव विचारलं तर यांना आठवत नाही, पण आज तिसरा दिवस आहे हे आठवतं. तुम्ही दोघं ठार वेडे आहात. आणि तिनं फोन आपटला. एवढी वर्षं मी तिचं ते वाक्य जपून ठेवलं आहे. तुमच्या घरातून माझ्याशी बोललं गेलेलं, सलामाखेरीजचं, ते एकच वाक्य.

तीन महिन्यांपूर्वीचं तुला आठवतं का, माहीत नाही. तू सलाम केलास, मी उत्तर दिलं आणि तू फोन लगेच ठेवला नाहीस. मी मोजलं. एक, दोन, तीन, चार. माझा आवाज त्या दिवशी फार बसला होता. अर्धं उत्तर नुसती हवाच होती. तू श्वास घेतलास, बोलण्याआधी माणूस घेतो तसा. आणि मी फोन ठेवून दिला. नेहमी तू ठेवतोस. त्या दिवशी मी ठेवला. घशाला काय झालं, असं तू विचारलं असतंस तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि एका प्रश्नाचं उत्तर दिलं की दुसऱ्याचंही द्यावं लागतं. त्या दुसऱ्या प्रश्नाला मी अकरा वर्षं भितो आहे. तू तो कधी तोंडानं विचारला नाहीस. पण वेळ पावणेतीनचीच का धरलीस, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. अब्बा गेले त्या दिवशी त्याच वेळेला तू कबरस्तानाच्या फाटकाशी पोचला होतास.

मी थकलो आहे. तक्रार म्हणून सांगत नाही. हल्ली भिंगाची कड घासताना मधेच हात थांबतो आणि का थांबला ते हाताला आठवत नाही. असा थांबलो की मला अब्बा दिसतात, आणि ते नेहमी कुणाच्या तरी मोरीत आडवे झालेले असतात. सुट्टीच्या दिवशी ते आपल्याला नळदुरुस्तीला बरोबर न्यायचे. मी पिशवी धरायचो, तू मागितलेलं हत्यार काढून द्यायचास, आणि चुकीचं दिलंस की चूक हत्याराची आहे असं म्हणायचास. दार सताड उघडं असलं तरी अब्बा बाहेर थांबून सलाम करायचे. उत्तर आलं नाही तर पुन्हा. तिसऱ्यांदाही आलं नाही की पिशवी उचलून मागे फिरायचे. तुझा संताप व्हायचा. आत माणसं आहेत, भांडी वाजताहेत, त्यांनीच बोलावलंय, मग जायचं का? अब्बा म्हणायचे, घर त्यांचं आहे, आज आपण त्यांना नको आहोत, चल. आणि आपल्याच घराचं कुलूप काढून रिकाम्या खोलीत पाय टाकतानाही त्यांचा सलाम व्हायचा. तू विचारलंस, आत कुणी नाही, कुणाला करता? ते म्हणाले, घर आहे ना. त्यानंतर महिनाभर तू बादलीला, कपाटाला आणि माझ्या चपलांना सलाम करत हिंडलास. अम्मा गेल्यानंतरची ती पहिली गोष्ट, जिला अब्बा हसले.

अर्थ त्यांनी एकदाच सांगितला. बेसिनखाली उताणे, तोंडात वॉशर धरलेला, त्यामुळे अर्धे शब्द चावलेले. म्हणाले, सलाम म्हणजे कसा आहेस, बरा आहेस का, असलं काही नव्हे. सलाम म्हणजे बोली. माझ्या हातापासून आणि माझ्या जिभेपासून तुला भय नाही, अशी बोली. ती आधी करायची, मग आत जायचं. समोरच्यानं उत्तर दिलं की त्याचीही तीच बोली झाली. मग दोघांनी एकमेकांकडे खुशाल पाठ करावी आणि आपापल्या कामाला लागावं. तू विचारलंस, आणि बोली मोडली तर? अब्बांनी तोंडातला वॉशर काढला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, पाना दे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच.

चौथ्या वर्षी मी इमामसाहेबांना आपलं प्रकरण सांगितलं. नाव तुझं न घेता, पण त्यांना कळलंच. ते आधी पोट धरून हसले. मग हसू गेलं. म्हणाले, नियमानं बघितलं तर सलाम झाला की अबोला तुटला, असं बहुतेकांचं मत. पण जुन्यांपैकी काहींनी म्हटलंय, पूर्वी जसं बोलणं होतं तसं होत नाही तोवर तुटला नाही. मी विचारलं, आम्ही कुठे बसतो? ते म्हणाले, तुम्ही कुंपणावर बसलाय, दोघंही, आणि दोघांनाही ते टोचतंय, पण आधी उतरायचं कुणी? मग जाता जाता म्हणाले, जन्नतमध्ये फालतू शब्द कानावर पडत नाही म्हणतात, फक्त सलाम, सलाम. मला घरी येईपर्यंत हसू येत राहिलं. त्या हिशेबानं आपण दोघं केव्हाच पोचलोत तिथे. एकमेकांच्या तोंडून दुसरा शब्दच ऐकलेला नाही.

आमच्या चिमणीला शाळेत असताना शांततेवर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. ती माझ्याकडे आली. आपल्या धर्माच्या नावातच शांती आहे ना, मग तुम्हाला येत असेल, म्हणाली. मी म्हटलं, काकाला विचार, त्याला पाठ असतं सगळं. ती म्हणाली, परवा फोन येईल तेव्हा तुम्हीच विचारा की. मी विचारलं नाही. तिनं तिचं तिनं लिहिलं. त्यातली एक ओळ अशी होती: आमच्या घरी खूप शांतता आहे, माझे बाबा आणि काका कधीच भांडत नाहीत. बाईंनी त्या ओळीखाली छान म्हणून लिहिलं. वही मला दाखवताना पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. बारा वर्षांची होती, पण तिला सगळं कळत होतं. आता ती औषधाच्या दुकानात काम करते आणि माझ्या गोळ्यांची पुडकी तारखा घालून आणून देते. तिला अजून सगळं कळतं.

आता अब्बा गेले तो दिवस. सकाळी सातला मी तुला फोन केला. तू रडला नाहीस. म्हणालास, मी निघालो, अडीच-पावणेतीनपर्यंत पोचतो, भाई, गुस्ल, अब्बांची शेवटची अंघोळ, मी घालणार, मला थांब. मी हो म्हणालो. हे तुलाही आठवत असेल. मी हो म्हणालो होतो. साडेआठला इमामसाहेब आले. म्हणाले, धाकटा येतोय तर दुपारची नमाज होऊ दे, जनाजा संध्याकाळच्या नमाजनंतर ठेवू, हवा थंड आहे, मय्यतला काही होत नाही, याला कुणी उशीर म्हणणार नाही. मीच म्हणालो, नको. दफन लवकर करावं असा हुकूम आहे. मीच. लोक तुला नंतर सांगत राहिले की इमामसाहेबांनी घाई केली, शेजाऱ्यांनी घाई केली, थोरला बिचारा भानावर नव्हता. मी सगळ्यांना तसं म्हणू दिलं. मी पूर्ण भानावर होतो. त्या घरात त्या दिवशी माझ्याइतकं भानावर कुणी नव्हतं.

तू आलास तेव्हा माणसं हाताची माती झटकत फाटकातून बाहेर पडत होती. तुझ्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्यात कागदी पिशवी. तिच्यात नवा टॉवेल आणि साबणाची वडी. वाटेत कुठेतरी उतरून घेतली असशील. तू भरलेल्या कबरीवर तीन मुठी माती टाकलीस, बाकीच्यांनी टाकली तशीच, फक्त तुझी वरच राहिली. संध्याकाळच्या नमाजला तू माझ्या डाव्या हाताला उभा होतास, खांद्याला खांदा लावून. रांगेत जागा तिथेच होती. नमाज संपली. आपण सगळे उजवीकडे वळलो, सलाम म्हणालो. मग डावीकडे वळलो, सलाम म्हणालो. मी तुझ्याकडे वळलो तेव्हा तूही डावीकडेच वळलेला होतास. मला तुझा कान दिसला, आणि मानेवरचा तो लहानपणचा व्रण. आयुष्यभर रांगेत उभा राहिलो, पण हे तोवर कधी ध्यानात आलं नव्हतं. माणसं शेजाऱ्याला सलाम करतात आणि शेजारी त्याच क्षणी पलीकडच्याला करत असतो. प्रत्येकाच्या वाट्याला दुसऱ्याची मान. त्यावर माझी काही तक्रार नाही. नमाज झाल्यावर माणसं उठतात, समोरासमोर येतात, हात धरतात. आपण उठलो आणि तू चप्पल घालून गेलास. साबणाची वडी घरातल्या बेसिनच्या कट्ट्यावर ठेवून गेलास. तुझ्या भाभीनं ती कपाटात ठेवली. अजून आहे. वास गेला.

का थांबलो नाही, ते आता लिहितो. इथवर दोनदा पेन खाली ठेवलं.

अब्बा खुब्याचं हाड मोडून चौदा महिने पडून होते. पहिलं वर्ष आम्ही दोघांनी काढलं, आणि नीट काढलं, हे मला म्हणू दे. मग तुझ्या भाभीची आई आजारी पडली. ती पाच आठवडे तिकडे गेली. चिमणीलाही बरोबर नेलं. मी रजा टाकली आणि घरी राहिलो. आठवड्यातून एकदा यायची त्या नर्सनं भिंतीवर तक्ता लावून दिला होता. दर दोन तासांनी कूस बदलायची. उजवी, डावी, पाठ. बदलली की रकान्यात खूण. पहिले दहा दिवस खुणा खऱ्या आहेत. मग मी दुपारी त्यांच्याजवळच्या खुर्चीत बसायचो आणि मला झोप लागायची. माणसाला येते तशी झोप ती नव्हे. पाण्यात दगड पडावा तशी. उठायचो तेव्हा उन्हाचा पट्टा भिंतीवरून पार जमिनीवर आलेला असायचा. मी चार रकाने एकदम भरायचो. नर्स यायची, तक्ता बघायची, म्हणायची, छान ठेवलंय हो काकांना. चादर ती उचलायची, पण पाठ बघायची नाही, मीच म्हणायचो, आत्ताच निजलेत, राहू दे. अब्बांची वाचा शेवटचे दोन महिने गेलेली होती, हे तुला माहीत आहे. हे माहीत नाही की त्यांना कूस हवी असली की ते अंगठीनं पलंगाच्या दांडीवर वाजवायचे. टक, टक. शेवटच्या दिवसांत मला झोप नसायची तेव्हाही मी डोळे मिटून खुर्चीत बसून राहिलेलो आहे. टक, टक. मी म्हणायचो, अजून थोडं. मग ते थांबायचे. अब्बा तीनदाच वाजवायचे, धाकट्या. तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही की पिशवी उचलून परत.

बेडसोर म्हणतात त्याला. कमरेच्या वर, माझ्या तळहाताएवढं, आणि खोल. त्यातूनच ताप चढला. डॉक्टरांनी वय लिहिलं, हृदय लिहिलं. तू गुस्ल घालणार म्हणालास, आणि त्या क्षणी मला फोनमध्ये फक्त ती पाठ दिसली. गुस्लमध्ये मय्यतला आधी डाव्या कुशीवर घेतात, मग उजव्या. तू घेतलं असतंस. तू वजनं तपासणारा माणूस, एक तोळा इकडचा तिकडे झाला तर तुला कळतं. तू पाठ पाहिली असतीस, मग भिंतीवरचा तक्ता पाहिला असतास, एकाच शाईच्या, एकाच दाबाच्या त्या खुणा. म्हणून लवकर दफनाचा हुकूम मला आठवला. हुकूम खरा आहे. मी त्याच्या मागे लपलो, एवढंच. तूही मग दुसऱ्या एका हुकमामागे जाऊन उभा राहिलास, पण तिथे तुला मीच ढकललं.

मशिदीत गुस्ल देणारे एक म्हातारे होते, त्यांनी आणि मी मिळून अंघोळ घातली. कूस फिरवली तसे ते थांबले. मग तांब्या खाली आणला, अगदी खाली, पाणी पडू नये तर नुसतं वाहावं असा. मला म्हणाले, हळू. दुसरा शब्द नाही. कापूस लावला, कफन घट्ट बांधलं. मय्यतच्या अंगाचं जे दिसतं ते बाहेर बोलायचं नसतं. मरेपर्यंत ते बोलले नाहीत. त्यांनी अब्बांचं झाकलं, त्यात माझंही झाकलं गेलं. त्या झाकलेल्याखाली मी अकरा वर्षं राहिलो. घरात आवाज नाही, भांडण नाही, तिसऱ्या दिवशी फोन. माझ्या हातापासून तुला भय नाही, अशी बोली मी तुझ्याशी तेराशे वेळा केली आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात ती पाठ होती. हात न लावूनही माणसाला भय देता येतं, हे अब्बांनी बेसिनखाली सांगितलं नव्हतं. त्यांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. नंतर मात्र त्यांना कळलं.

तो तक्ता मी फाडला नाही. सोबत घडी घालून ठेवला आहे. तुझं कामच ते आहे. तपास.

आता हे आजच का. गुरुवारी सकाळी माझं स्वरयंत्र काढणार आहेत. गाठ आहे, आणि आता ती जाईल तर सगळ्यासकटच जाईल असं डॉक्टरीणबाई म्हणतात. गच्चीवर लपून ओढलेल्या सिगारेटी तुला माहीत आहेत, तू कधी चहाडी केली नाहीस. जीव बहुतेक वाचेल. काही महिन्यांनी एखादं यंत्र लावून बोलता येईलही, पण ते पुढचं पुढे. बुधवारी तुझा फोन येईल तेव्हा हे पत्र वाटेत असेल, आणि मी नेहमीसारखं उत्तर देईन. ते शेवटचं. शनिवारी पावणेतीनला तू सलाम करशील आणि इकडून काही येणार नाही. पत्र न लिहिता गेलो असतो तर तुला वाटलं असतं, भाईनं शेवटी तोडलं. उत्तर देणं माझ्यावर बंधनकारक आहे आणि मला ते चुकवायचं नाही. फोनवर बोटानं टकटक करता आली असती. भिंगरीनं तेच सुचवलं. पण ती टकटक दुसऱ्या टोकाला कशी ऐकू येते, हे मला ठाऊक आहे. मी इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, मुक्याचं उत्तर हातानं होतं. पण हात दिसायला माणूस समोर लागतो. तक्ता बघून तुला यावंसं वाटलं नाही तर नको येऊस. घर तुझं आहे, आणि त्या दिवशी तुला मी नको असेन, तर ते मी समजून घेईन. मला दवाखान्यातल्या पलंगावर दाराकडे तोंड करून निजवा, असं मी तुझ्या भाभीला सांगून ठेवलं आहे. अकरा वर्षं आधी तूच करत आलास आणि आधी करणारा चांगला असतो म्हणतात. या वेळी आधी मी करतो.

अस्सलामु अलैकुम.

तुझाच,
भाई